चार टेकू

आई, तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. आज सकाळी आताच्या घराशेजारचं घर पाडायला माणसं आली, तेव्हा आधी मी आमच्या भिंतीवर हात ठेवून उभी राहिले. मग तुला लिहायला बसले.

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी तू व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आखातात, उम्म अल हस्समला आलीस. आमचं घर जुनं, शेजारचंही जुनं, मधे दोघांची मिळून एकच भिंत. शेजारच्या मालकाने घर पाडून दुमजली बांधायला काढलं आणि तू दुपारची झोपच सोडलीस. मी ऑफिसला जायचे आणि तू डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या कामावर पाळत ठेवायचीस. गवंडीकाम करणाऱ्या बाबांच्या हाताखाली तू वर्षानुवर्षं घमेली उचललेली. तुला फसवणं सोपं नव्हतं. "भिंतीलगत अख्खा चर एकदम खणू नका. थोडा खणा, भरा, मग पुढे जा. आणि भिंतीला लावलेले टेकू हलवायचे नाहीत," हे तू फोरमनला मोडक्या हिंदीत रोज बजावायचीस. तो म्हणायचा, "अम्मा, मफी प्रॉब्लेम," म्हणजे काही अडचण नाही. संध्याकाळी तू मला सांगायचीस, "हो म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही गं. टेकूंकडे बघतो."

मला तुझी लाज वाटायची, हे तुला कळत होतं. पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. एके दिवशी आमचे घरमालक दारात आले आणि म्हणाले, तुझी आई कामात अडथळा आणते, शेजारी तक्रार करतो. घर सोडायला लावतील या धास्तीने दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी फोरमनला गाठलं. म्हटलं, "उनकी बात पर ध्यान मत दीजिए. उमर हो गयी है, सब पर शक करती हैं." तो हसला.

दोन दिवसांनी त्याने सातातले चार टेकू काढून दुसरीकडे लावले आणि चर एका दमात खणला. दुपारी भिंत पोटातून फुगली आणि स्वयंपाकघरात कोसळली. तू भात वेळत होतीस. तुझा पाय विटांखाली सापडला; तो वाचला, पण तू कायमची लंगडत राहिलीस. ठेकेदाराने फोरमनला मायदेशी परत पाठवलं. जाण्याआधी तो हॉस्पिटलात आला, तुझ्या खाटेशी उभा राहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काहीच न सांगता गेला. त्याने दया केली, की ही बाई कबूल करणार नाही हे ओळखलं, मला अजून ठरवता येत नाही.

तो गेल्यावर तू म्हणालीस, "इतके दिवस ऐकत होता. मधेच का ऐकेनासा झाला? तू काही बोललीस का त्याला?"

"मी कशाला बोलू?"

तू पाणी मागितलंस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. पण त्यानंतर मी दिलेली गोळी तू पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय तोंडात टाकली नाहीस.

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून तर लिहिता आलं. तू समोर बसून पुन्हा विचारलंस, तर मी आजही नाहीच म्हणेन.