फिल्टरवरची दुसरी रिंग

सूनबाई,

आज गाडी अजिबात चालू करू नकोस, बसने जा. काल वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला, तेव्हा मी तुझ्यावरच खेकसलो. तू लगेच इंजिन बंद केलंस म्हणून ते वाचलं.

सकाळी गाडीखाली शिरलो. ऑइल फिल्टरला एकावर एक दोन रबरी रिंगा निघाल्या. जुनी न काढताच नवा फिल्टर बसवलेला, मग ऑइल गळणारच! फिल्टरवर रविवारची तारीख आहे, माझ्याच अक्षरात. बसवल्याचं मात्र काही केल्या आठवत नाही.

असली चूक दुसऱ्या कोणी केली असती, तर त्याला मी गॅरेजची पायरी चढू दिली नसती.

तू म्हणत होतीस त्या डॉक्टरांकडे निघालोय. गॅरेजची किल्ली तुझ्या डब्याखाली ठेवलीय. मी मागितली तरी देऊ नकोस.

बाबा