माझा खड्डा आणि नोरबूचा खड्डा

मनालीच्या वरचा कॅम्प,
५ फेब्रुवारी

प्रिय स्वप्नाली,
जय भीम.

इथे आल्यापासून मी माझ्या हातांनी बर्फाची खोली मोजायच्या सहा सळ्या केल्या, प्रत्येक सेंटिमीटरला खूण पाडून. शिवाय चार फावडी आणि बर्फ कापायची एक करवत. कोणी शिकवलेलं नाही, तुला माहीतच आहे.

तब्येत चांगली आहे. तू फोनवर दोनदा विचारलंस, "गाईड नोरबूसर काय म्हणतात?" तुझा नोरबूसर तीस वर्षांचा आहे, कोर्स करून आलाय, आणि फोटोत दिसतो तेवढा उंच नाही.

काल मुंबईच्या चार पाहुण्यांना मोठ्या उतारावर स्कीइंग करायचं होतं. नोरबू म्हणाला, "आज नको, बर्फ सुटेल." सगळ्यांनी मान डोलावली. मला त्याला खोटं पाडायचं होतं, म्हणून जेवण सोडून, त्याने बर्फ तपासायला खणलेल्या खड्ड्याशेजारी माझा खड्डा खणला. वरचा थर घट्ट, खाली जाड साखरेसारखे सुटे दाणे. किती थापांना बर्फ सुटतो ते बघायला वर फावडं ठेवून मोजून थापा मारल्या. बाराव्या थापेला वरचा थर अख्खा सरकला. नोरबूच्या वहीतही बाराच लिहिलेत. मी माझा खड्डा बुजवून टाकला.

हेंद्रेपाड्याच्या घरातली टाकी अजून गळते का? प्लंबर बोलावू नकोस, मी आल्यावर बघतो. प्रीतीचा अभ्यास घे.

तुझाच,
बबन

ता. क. ते चौघे नंतर माझ्याकडे आले. "काका, सगळं सामान तुम्ही बनवलंय, तुम्हीच न्या ना आम्हाला. तो घाबरट आहे." इथे असं मला पहिल्यांदाच कोणी म्हणालं. मी नाही म्हटलं. पंचवीस हजार देत होते.