गुंडप्पाने कोणाकडे राहावे

मी, श्रीहरी वेंकटेश हुद्दार, वय अडुसष्ट, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला ड्राफ्ट्समन, राहणार केशवापूर, हुबळी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण यातील एक कलम वाचून काही नातेवाइकांना शंका येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हृदयाची एक झडप नीट चालत नाही आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, म्हणून आता करत आहे.

माझी पत्नी विमला बऱ्याच वर्षांपूर्वी वारली. मुलगी स्मृती दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात तापाने गेली. ती धारवाडला बँकेत होती. मुलगा श्रीहर्ष पुण्यात नोकरीला आहे. थोरली बहीण गोदूबाई, जिला मी अक्का म्हणतो, कमरीपेठेत राहते. वारस म्हणा किंवा जवळचे म्हणा, एवढेच. गुंडप्पा साप आहे. त्याच्याविषयी कलम चारमध्ये लिहिले आहे.

कलम १. केशवापूरचे घर श्रीहर्षला द्यावे. तो ते विकेल हे मला माहीत आहे आणि त्याला माझी हरकत नाही. पण विकण्याआधी कलम चार पूर्ण झालेले असावे. मागच्या खोलीत भिंतीतून एक जादा वायर आली आहे, ती सापाच्या पेटीला ऊब देण्यासाठी होती. घर घेणाऱ्याला हे सांगितलेच पाहिजे असे नाही.

कलम २. बँकेतील ठेवींतून अक्काच्या औषधपाण्याला लागेल तेवढे आधी बाजूला काढावे, उरेल ते श्रीहर्षने घ्यावे. अक्का ‘मला काही नको’ म्हणेल. ते ऐकू नये. माझी ड्रॉइंगची पेटी, फळा आणि पट्ट्या श्रीहर्षला. फळ्याच्या मागच्या खणात एक गुंडाळलेला नकाशा आहे. तो गुंडप्पाच्या पेटीचा आहे. स्मृतीने साप आणला तेव्हा मी तिच्याशी काही दिवस धड बोललो नव्हतो. मग एकदा तिने विचारले, अप्पा, एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा राहील अशी पेटी करायची आहे, हवा कुठून सोडू? मी कागद घेऊन बसलो. पुलाचा नकाशा करावा तसा तिन्ही बाजूंनी केला. आम्हा बापलेकीत बोलणे मुळातच कमी. ज्याला आमचे दोघांचे बोलणे म्हणता येईल ते बरेचसे त्या कागदावर आहे. श्रीहर्षने तो फेकू नये.

कलम ३. माझा चुलतभाऊ गुरुप्रसाद याला काहीही देऊ नये. हे नजरचुकीने राहिलेले नाही. विमलाच्या समईची तो बरीच वर्षे चौकशी करत आहे. समई अक्काला द्यावी.

कारण लिहून ठेवतो. स्मृतीच्या दहाव्याला पिंड ठेवला आणि हात जोडून मागे सरायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांना हायसे वाटले. गुरुप्रसाद म्हणाला, “सुटली बिचारी. मागं काही राहिलं नाही तिचं.” आणि तिथेच ओल्या पंचाने त्याने भटजींना विचारले की घरात साप कोंडून ठेवल्याने हे झाले का, आणि शांत कुठे करायची. भटजींनी उत्तर दिले नाही हे त्यांचे मोठेपण.

मला त्या दिवशी हायसे वाटले नाही. कावळ्याने जरा वेळ लावायला हवा होता असे वाटत राहिले. एकतीस वर्षांची मुलगी, आणि मागे तिचे काही राहिले नाही, हे मला पटले नाही. घरी आलो तेव्हा मागच्या खोलीत दिवा लावायचा राहिला होता. पेटीत गुंडप्पा वेटोळे करून, डोके आत घालून बसला होता. तेव्हापासून मी त्याच्याकडे नीट बघू लागलो.

कलम ४. गुंडप्पा. हा बॉल पायथन जातीचा, बिनविषारी, मूळ आफ्रिकेकडचा साप आहे. लांबी माझ्या हाताहून थोडी जास्त. बंगळूरचे एक गृहस्थ परदेशी जाताना सोडून देणार होते, त्यांच्याकडून स्मृतीने आणला. आपल्याकडचा नाग किंवा धामण घरात ठेवणे गुन्हा आहे, हा त्यातला नाही. वनखात्याकडे त्याची नोंद आहे, आधी स्मृतीच्या आणि आता माझ्या नावाने. हे जीव पंचवीस-तीस वर्षे जगतात. गुंडप्पा आता नऊ वर्षांचा आहे, म्हणून हे कलम करावे लागत आहे.

श्रीहर्षचे म्हणणे असे की साप कोणालाही द्यावा, त्याला काय कळते. फोनवर म्हणाला, “अप्पा, शेंगदाण्याएवढा मेंदू आहे त्याचा. माणूस कोण आणि खुर्ची कोण, सगळं त्याला सारखंच.” दांडेलीच्या जंगलात सोडू असेही एकदा म्हणाला. तसे कदापि करू नये. कायद्याने मनाई आहे, आणि तो तिथे मरेल.

पण त्याने विचारलेले बरोबर आहे. सापाला काहीच कळत नसेल, तर बंगळूर-म्हैसूरकडे अशा प्राण्यांचे चांगले पाळणारे आहेत, त्यांच्याकडे सगळी सोय आहे, तिथे द्यावा. आणि काही कळत असेल, तर ज्याला त्याने हुंगलेले नाही अशा माणसाकडे त्याला टाकणे बरोबर होणार नाही. तेव्हा कळते की नाही हे ठरवल्याशिवाय मला हे कलम लिहिता येईना. दोन वर्षे मी त्यातच आहे. जे पाहिले ते लिहितो.

गुंडप्पा महिन्यातून दोनदा उंदीर खातो. शाकाहारी घर, त्यामुळे त्याचा वेगळा छोटा फ्रिज आणावा लागला आणि अक्काने आमच्याकडे पाण्याखेरीज काही घेणे बंद केले. स्मृतीने तोड काढली. एकादशी, गुरुवार आणि घरातली श्राद्धे सोडून ती त्याला खायला घालायची, आणि आत्याला सांगायची, बघ, आमचा गुंडप्पा तुझ्याहून कडक आहे. अक्का म्हणायची, “हां मग, उंदीर खाऊन एकादशी. चांगलंय की तुमचं.” पण पुढे ती चहा घेऊ लागली.

स्मृती गेली आणि त्याने खाणे सोडले. मी चिमट्यात धरून समोर करायचो, तो तोंड फिरवायचा. दहावे झाले, बारावे झाले, संक्रांत झाली. अक्का दारातून बघायची, आत यायची नाही. एक दिवस म्हणाली, “श्री, आपलं सुतक दहा दिवसांचं. ह्याचं फिटेना रे.”

जनावरांचे डॉक्टर महेश यांना मी घरी बोलावले. त्यांनी वजन केले, तोंड उघडून पाहिले. म्हणाले, या जातीचे नर थंडीत महिनोन्‌महिने खात नाहीत, हा ऋतूचा परिणाम आहे. त्यांनी पेटीचे झाकण लावले आणि आपणहून म्हणाले, “काका, भीती त्याला कळते, हे नक्की. निवांत वाटणंही कळत असावं, परदेशात लोकांनी त्यावर अभ्यास केलाय. वासावरून ओळखतोही. पण आठवण येते का, हे मला विचारू नका. मला माहीत नाही म्हणून सांगतोय, नाही म्हणून नाही.”

एवढे प्रामाणिक उत्तर मला त्या वर्षात दुसऱ्या कोणी दिले नाही. कावळ्याला मेलेल्या माणसाच्या मनातले कळते हे आमच्याकडे सगळे धरून चालतात आणि त्याचा मेंदू केवढा हे कोणी विचारत नाही. मी वाद घालणारा माणूस नाही, म्हणून हे कोणाला बोललो नाही. इथे लिहितो.

पुढच्या श्रावणात पंचमी आली. अक्का दरवर्षी नागरकट्ट्यावर, म्हणजे नागाच्या दगडांच्या पारावर, दूध घालते, मला रिक्षा करून तिला न्यावे लागते. दूध घालताना आमच्याकडे घरातल्या एकेकाचे नाव घेतात, कन्नडमध्येच. देवर पालु, अप्पन पालु, असे. पालु म्हणजे वाटा. वाटा जिवंत माणसांचा असतो. अक्काने वाटीतून थोडे थोडे घालत माझे नाव घेतले, श्रीहर्षचे घेतले, आणि सवयीने स्मृतीचे घेतले. घेतले आणि वाटी हातात तशीच राहिली. मागे बायकांची रांग होती. कोणीतरी म्हणाले, आजी, मुगीता? म्हणजे, झाले का. अक्का माझ्याकडे बघू लागली. मी म्हटले, “असू दे अक्का. ओत.” तिने ओतले.

घरी आल्यावर तंबिट्टाचे लाडू ठेवायला म्हणून ती पहिल्यांदा मागच्या खोलीत गेली. पेटीच्या काचेला हळदीचे बोट लावले. वाटीत तळाला थोडे दूध उरले होते. म्हणाली, “स्मृतीचा घातला, तुझाबी वाटा आहे रे. पण तो डॉक्टर ओरडतो.” गुंडप्पा आडोशातून डोके बाहेर काढून जीभ हलवत राहिला. दुधाचा वास आला असेल. मी एवढेच सांगतो की आमच्या घरात त्या खोलीत उभे राहून स्मृतीविषयी कोणी मोठ्याने बोलले ते त्या दिवशी. अक्का त्याच्याशी बोलली. माझ्याशी नाही. मलाही ते सोपे गेले.

ही हकीकत मी फोनवर श्रीहर्षला सांगितली. तो हसेल असे वाटले होते. पण त्याने विचारले, “अप्पा, त्याला ती आठवत असेल का?” शेंगदाण्याएवढ्या मेंदूचे म्हणणारा हाच. मी म्हटले, डॉक्टर माहीत नाही म्हणतात.

यंदा दिवाळीपासून गुंडप्पाने पुन्हा खाणे सोडले आहे. डॉक्टर म्हणतात थंडी. अक्का म्हणते वर्षश्राद्धाचा महिना. मागच्या थंडीतही सोडले होते, पण इतके नाही. यावरून काही सिद्ध होत नाही हे मला ड्राफ्ट्समन म्हणून कळते. ज्याचे माप घेता येत नाही ते मी आयुष्यभर नकाशात दाखवले नाही. पण मृत्युपत्रात एक बाजू धरावी लागते. मी, त्याला कळते, ही बाजू धरतो. चूक निघाली तर नुकसान कोणाचेच नाही.

म्हणून गुंडप्पा स्मृतीची मैत्रीण दीपश्री, राहणार धारवाड, हिला द्यावा. स्मृती प्रशिक्षणाला गेली की तो तिच्याकडेच असायचा. तिचा हात त्याला माहीत आहे. तिची संमती घेतली आहे. पेटी, छोटा फ्रिज आणि नोंदीचे कागद तिला द्यावेत, आणि वनखात्यात नाव बदलण्याचे काम श्रीहर्षने स्वतः हजर राहून करावे. गुंडप्पाच्या खर्चासाठी पोस्टातील माझी ठेव दीपश्रीच्या नावे करावी. श्रीहर्षला सापाची भीती वाटते हे मला त्याच्या लहानपणापासून ठाऊक आहे. तरी त्याने वर्षातून एकदा धारवाडला जाऊन गुंडप्पाला बघून यावे. ही अट नाही.

कलम ५. माझ्या मागे जे करायचे ते थोडक्यात करावे. कावळा लवकर न शिवल्यास कोणी घाबरून काही कबूल करू नये. थांबावे. पंचमीला अक्का किंवा तिच्या मागे कोणी दूध घालेल, तर स्मृतीचे नाव घ्यावे.

कलम ६. हे शेवटी ठेवले, कारण काय लिहावे ते कळत नव्हते.

स्मृती शेवटची बँकेत गेली त्या दिवशीची तिची ओढणी खुर्चीवर राहिली होती. निळी, सुती. ती धुवायला टाकू दिली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून कपाटात ठेवली. तिला स्मृतीचा वास होता. डोक्याचे तेल, थोडी पावडर आणि बाकी तिचा. वास उडून जाऊ नये म्हणून मी पिशवी क्वचित उघडायचो. उघडली तरी पूर्ण नाही.

गुंडप्पाने खाणे सोडले त्या थंडीत दीपश्री त्याला बघायला आली होती. तो हाताला हलका लागत होता. तिने विचारले, काका, तिचा एखादा न धुतलेला कपडा आहे का, पेटीत ठेवून बघू. मी म्हटले, बघतो. ती गेल्यावर पुष्कळ दिवस मी कपाट उघडले नाही. ओढणी एकदा पेटीत गेली की माझ्याकडे परत येणार नाही, हे मला कळत होते. मग एका दुपारी पिशवी सोडली, तोंडाशी धरली, आणि ओढणी घडी घालून उबेच्या टोकाला ठेवली. तो लगेच आला नाही. संध्याकाळी बघितले तर तिच्या घडीत शिरला होता. चैत्रात त्याने खाल्ले. डॉक्टर म्हणाले, ऊन पडू लागले म्हणून.

ती ओढणी त्याच्याकडेच आहे. पेटी साफ करताना मी ती बाजूला काढतो आणि परत ठेवतो. ती माझ्याबरोबर चितेवर ठेवावी असे मी या कलमात आधी लिहिले होते. ते खोडले आहे. खोडलेल्या जागी सही केली आहे.

ओढणी गुंडप्पाबरोबर दीपश्रीकडे जावी. तिने ती धुवू नये. मी आता नाकाशी धरली तर मला तिचा वास येत नाही. त्याला येत असेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही.

सही: श्रीहरी वेंकटेश हुद्दार

साक्षीदार १: डॉ. महेश, पशुवैद्य, हुबळी. सही.

साक्षीदार २: उमेश, शेजारी, अमरगोळच्या बाजारात धान्याचे दुकान. सही कन्नडमध्ये. यांना मजकूर वाचून दाखवला.

ठिकाण: केशवापूर, हुबळी
दिनांक: ९ डिसेंबर २०२५