दत्ताचा गालिचा झाडायचे यंत्र

शके १८६०, कार्तिक शु. १३. मुरबाड.

दत्तमंदिराचा गालिचा सकाळी पुन्हा झाडला. म्हणजे सौ.ने झाडला, मी खांबाशी उभा राहून चिडलो. केरसुणीने लोकरीतली धूळ निघत नाही, नुसती उठते आणि परत तिथेच बसते. मधल्यामध्ये सौ.च्या छातीत जाते. घरी येईतो दोनदा लोकांच्या ओट्यावर टेकली. नुसती फरशी होती तोवर हा त्रास नव्हता. दसऱ्याला मुंबईच्या शेटनी गालिचा दिला (मूळचे इथलेच), तेव्हापासून दमा हटत नाही.

झाडणे सोड म्हटले की उत्तर ठरलेले. "तुमी विषमाच्या तापात पडल्याले तवा दत्ताला बोलले, हात चालत्यात तवर तुझं देऊळ झाडीन. उठलात ना तुमी?"

उठलो.

कार्तिक व. २.

पंच जमले. चिटणीस म्हणून मी मांडले की गालिचा गुंडाळून ठेवावा, उत्सवाला तेवढा काढावा. बाळाशेट (गिरणीवाले, पंचांत त्यांचाच शब्द चालतो) म्हणाले, मुंबईचे शेट दर पत्री विचारतात, गालिचा अंथरलेला आहे ना? दत्तजयंतीला स्वतः येणार आहेत. एकाने सुचवले, लोकांना पाय धुऊन आत सोडा. म्हणजे धुळीचा चिखल होईल. तासभर हेच.

शेवटी निघाले की शेटच्या घरी धूळ ओढून घेणारे उभे यंत्र आहे, तसे आणावे. कोणी आणावे? चिटणिसाने. ते कशावर चालते हे कोणी विचारले नाही. मीही नाही, तेवढे खरे.

कार्तिक व. ८. मुंबई.

पहाटेच्या मोटारीने कल्याण, पुढे गाडी. दुकानात टाय लावलेला माणूस. उभे यंत्र दाखवले, पाठीला कापडी पिशवी. कळ दाबताच असे ओरडले की मी मागे सरलो. धूळ मात्र छान ओढते. म्हटले, आमच्याकडे वीज नाही. मग दिवे कशावर लावता, म्हणाला. कंदिलावर. त्याने यंत्र बंद केले.

मग हाताने ढकलायच्या पेट्या काढल्या. लांब दांडा, खाली चाके, पोटात फिरणारा ब्रश. केर आतच राहतो, उडत नाही. मला हेच पाहिजे. त्याने विचारले, घरात माणसे किती? म्हटले, घर नाही, देऊळ. सप्ताहात खळ्यावरून उठून सारा गाव येतो, अनवाणी.

"मग तुम्ही गालिचा अंथरताच कशाला?"

हे मुंबईला येऊन ऐकायचे होते.

खळ्यातल्या धुळीची पुडी बरोबर नेली होती, तूस घालून. त्याने चिमूटभर शोभेचा भुसा टाकून दाखवला. मी पुडी सोडली. त्याचा चेहरा बघण्यासारखा. पत्र्याच्या पेटीची चाके तुसाने अडली. घोड्याच्या केसांच्या ब्रशाने तूस नुसते कुरवाळले. लाकडी पेटी जड, आस लोखंडी, तिने एका फेऱ्यात सगळे उचलले. हीच द्या म्हटले. सहज विचारले, हे केस कसले?

"डुकराचे. त्याच्याइतके टिकाऊ दुसरे नाहीत."

कार्तिक व. ९.

पेटी आणली. न आणावी तर सौ.चा श्वास. आणावी तर दत्ताच्या सभामंडपात डुकराचे केस. गाडीत मनाची समजूत घालत होतो: दहा अवतारांत वराह आहे, पृथ्वी त्यानेच वर काढली, मग धूळ काढली तर बिघडले कुठे? हा विचार शास्त्राला धरून की माझ्या सोयीला धरून, देव जाणे.

बा.शेटना एकट्याला सांगितले. म्हणाले, "पेटीच्या पोटात कोण बघतो? गप ऱ्हावा."

गप राहिलो.

मार्ग. शु. ५.

पेटी चालते. सौ. स्वतः ढकलते, म्हणून नवसही मोडत नाही. कुठेही न टेकता घरी येते. काल जात्यावर बसून ओवी म्हणत होती. कैक दिवसांत ऐकली नव्हती.

मी मात्र जेवताना तिच्याकडे बघत नाही.

मार्ग. शु. ११.

आज तिने पेटीला हळदकुंकू वाहिले. लाकडावर बोटे टेकून कपाळाला लावली. मला बघवेना. तिथेच सांगून टाकले.

तिने पेटी खांबाशी लावली, केरसुणी घेतली. संध्याकाळी खोकला.

मार्ग. शु. १३.

दोन दिवस समजावतो आहे. वराह सांगितला. म्हणे, "त्यो देव हाय. ह्ये केस हायत." म्हटले, तुझी शुद्ध बुद्धी दत्ताला कळते, त्यालाच विचारू.

"दत्त बोलत नाय. गावदेवी बोलते. कौल लावा."

चीड आली. धूळ टाळा हे वैद्याने सांगितलेले, ते एका फुलावर टांगायचे? रात्रभर तिची छाती वाजत होती. सकाळी गुरवाला निरोप पाठवला.

मार्ग. शु. १४.

उद्या जयंती. मुंबईचे शेट आजच उतरले, गालिचा बघून खूश. मी गप राहिलो नाही म्हणून बा.शेट माझ्याकडे बघत नाहीत.

सकाळी कौल लावला. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुले चिकटवली. उजवे पडले तर पेटी, डावे पडले तर केरसुणी. सौ. हात जोडून समोर बसली. तिचा श्वास गाभाऱ्यात ऐकू येत होता. ऊन पायरीवर आले तरी दोन्ही फुले जागच्या जागी. हळूच उजव्या बाजूला फुंकर घालावी असे मनात आले; उपरणे तोंडावर धरून बसलो. गुरव म्हणाला, "धीर धरा दादा, आई इचार करते."

सौ. उठायला तयार नाही. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नाही. तांब्या न्यायला घरी आलो, तेवढ्यात हे लिहिले. परत जायला पाऊल उचलत नाही. मी नसताना फूल पडले असेल.