‘पाहिले’ नावाचं बटण

सोमवार, दुपार
हॉस्पिटलचं कॅन्टीन

प्रिय ताई,

नमस्कार. तू मोठी म्हणून केला, राग तसाच आहे. फोन तू उचलत नाहीस. ‘फोन कर’ म्हणून लिहिलं की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून हा कागद. उद्या सकाळी कुरिअरवाला तुझ्या हातात देईल. अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण माझा पाय एका जागी ठरत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा वॉर्डात डोकावून आले.

इकडची बातमी म्हणजे आमच्या वॉर्डात सगळं कॉम्प्युटरवर आलंय. आधी मीच बोटं मोडली, पण खरं सांगते, सोय आहे. डॉक्टरांचं अक्षर लावत बसायला नको. पेशंट एक्स-रे काढून खाटेवर येईपर्यंत फोटो स्क्रीनवर हजर. रिपोर्ट आला की सगळ्यांना एकदम जातो. खाली ‘पाहिले’ असं एक बटण असतं, ते दाबायचं.

आणि तिथेच घोडं पेंड खातं.

गेल्या आठवड्यात खिडकीजवळच्या खाटेवरच्या एका बाईंचा रिपोर्ट आला. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं. ज्या गोळीने ते वाढतं ती लगेच थांबवायला हवी होती. मोठ्या डॉक्टरांनी ‘पाहिले’ दाबलं, त्यांना वाटलं ज्युनिअर बघेल. ज्युनिअरने दाबलं, त्याला वाटलं मोठ्यांनी थांबवली असेल. औषधवाल्या बाईंनी दाबलं, सकाळच्या सिस्टरनेही दाबलं. आणि गोळी ठरल्या वेळी पोटात गेली. पूर्वी निदान कोणीतरी वॉर्डभर ओरडायचं, “अगं, ती गोळी थांबव.” आता ओरडायची गरजच उरली नाही ना. मी ड्यूटीवर आले तर बाईंच्या हृदयाचे ठोके भरकटलेले. धावपळ करून सावरलं कसंबसं.

मीटिंग झाली. जो तो कानांवर हात ठेवून बसलेला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, “सिस्टीम बरोबर चालली, मॅडम. चार जणांनी पाहिलंय.” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “पाहिलं चौघांनी, केलं कोणी? तुमच्या बटणात क्रियापद आहे, कर्ता कुठे आहे?”

हे वाक्य माझं नाही, तुला कळलं असेलच. फळ्याशी उभी राहून हेच विचारायची ती आख्ख्या वर्गाला. ताई, ताकाला जाऊन भांडं किती लपवू? खिडकीजवळच्या त्या बाई म्हणजे आपली आई.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. बाबा गेल्यापासून तुम्ही दोघी बोलत नाही आणि मी मधल्या मधे निरोप्या. कंटाळले गं मी. आज शपथ मोडली.

बटण बदललं. आता ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ अशी दोन आहेत, दाबणाऱ्याचं नाव तिथेच लागतं. दोन कशाला, असं कॉम्प्युटरवाला विचारत होता. आईला सांगितलं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, “त्याला पाठव माझ्याकडे, व्याकरण कच्चं आहे.”

ठोके आता ठीक आहेत, पण किडन्या दमल्यात. डायलिसिस सुरू करायचं की नाही, ते बुधवारपर्यंत सांगा म्हणतात. निर्णय तिचाच. मला भीती वाटते, ती नको म्हणेल. काल विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “थोरलीला विचार.”

म्हणून विचारतेय.

हे वाचून ‘पाहिलं’ असं कळवू नकोस. ‘येते’ एवढंच लिही. कर्ता नको लिहूस, आई बरोबर ओळखेल.

तुझी वाट बघणारी,
धाकटी