सांगाडा, फासळ्या व कातडे असे लिहिलेला खोका परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
पार्सल विभाग,
मुख्य टपाल कार्यालय.

विषय : अडवलेला खोका आहे त्या स्थितीत, आणखी काही न जोडता, मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्याकडे 'आढळून येत नाहीत'.

महोदय,

मी एकटा राहणारा ज्येष्ठ नागरिक आहे. पूर्वी माझी पत्नी व मी घराच्या मागच्या खोलीत बाल्सा लाकडाच्या विमानांचे संच बनवत होतो. बाल्सा म्हणजे फुंकर मारली तरी जागचे हलेल असे लाकूड. पहिल्या महायुद्धातली दुपंखी, तिपंखी लढाऊ विमाने आम्ही सुट्या भागांत विकायचो. गिऱ्हाईक घरी नेऊन ती जोडायचे. दाढीच्या पत्तीने लाकूड ती कापायची, खोके मी चिकटवायचो. पुढे प्लास्टिकची तयार विमाने आली आणि आमचा धंदा बसला.

अलीकडे खेळण्यांच्या एका कारखानदाराने हे जुने संच पुन्हा काढायचे ठरवले. नमुना म्हणून त्याला एक अस्सल संच हवा आहे. आमचे जुने साचे वाळवीने खाल्ले होते, म्हणून पत्नीने आजारपणात अंथरुणावर बसून तिपंखी विमानाचा एक संच नव्याने कापला. त्यानंतर ती गेली. आता नमुना म्हणाल तर तेवढाच आहे. तो हरवला तर ही विमाने परत निघणार नाहीत.

१. खोक्यावर तिने स्वतः लिहिले होते : 'सांगाडा एक. फासळ्या सर्व. कातडे वेगळे बांधले आहे.' आमच्या कामात पंखातल्या आडव्या पट्ट्यांना फासळ्या म्हणतात आणि वरून चढवायच्या पातळ कागदाला कातडे. मला त्यात कधी काही वावगे वाटले नाही. आपल्याकडे वजन करणाऱ्या बाईंनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि घरी कोण कोण असते असे विचारले. मी म्हणालो, बायको होती, आता नाही. झाले. मला बाकावर बसवून ठेवले. पोलीस घरी येऊन परसातली माती उकरून गेले. शेजारणीने, विचारले नसताना, आमच्या घरातून वर्षानुवर्षे काहीतरी कापल्याचा आवाज येत असे, हेही सांगून टाकले.

२. खोका उघडला तेव्हा लाकूड निघाले. तिथे विषय संपायला हवा होता. पण आपल्या कार्यालयाने कळवले की 'लिहिलेली वस्तू व आढळलेली वस्तू यांत तफावत आहे'. म्हणजे सांगाडा निघाला असता तर मी अडकलो असतो, आणि निघाला नाही म्हणून खोका अडकला. तफावत मिटवायची तर मजकूर लिहिणाऱ्या व्यक्तीने समक्ष येऊन दुरुस्ती करावी, असेही कळवले. ते जमण्यासारखे असते तर मी आपल्याला कशासाठीच अर्ज केला नसता.

३. यापुढचे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहितो. खोका सीलबंद आहे असे आपण सांगता. मग तीन नंबरच्या खिडकीवर डिंकाचा वास कसा येतो? तो पाकिटांच्या खळीचा वास नाही. खळ आणि डिंक यांतला फरक मला कळतो, सगळा जन्म त्यातच गेला. त्या खिडकीवरच्या कारकुनांच्या, म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणाऱ्या गृहस्थांच्या, नखांवर वाळलेले पापुद्रे असतात. त्यांच्या मागच्या कपाटाचे दार एका पाचरीने बंद ठेवले आहे. ती पाचर आमच्या संचातली आहे. मी चौकशी केली तर म्हणाले, कपाटात जुने शिक्के आहेत. शिक्क्यांना कोणी जेवणाच्या सुट्टीत खिडकीला आतून कडी लावून भेटत नाही.

तरीही म्हातारपणी मनात नसते संशय येतात म्हणून मी गप्प राहिलो. परवा आलो तेव्हा याच गृहस्थांनी अर्जावर शिक्का मारता मारता सहज विचारले,

"आजोबा, तो डावा पंख जरा पिळलेला बसतो, तो मुद्दाम का?"

मी म्हणालो, मुद्दाम. नाकावरचा पंखा फिरला की विमान डावीकडे कलंडते, म्हणून डाव्या पंखाला थोडा पीळ द्यायचा. जोडताना पुढच्या कडेखाली पाचर ठेवायची आणि डिंक वाळला की काढायची. ते म्हणाले, "तरीच." मी छत्री घेऊन घरी आलो, चहा टाकला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. सुट्या भागांत पीळ दिसत नाही. तो जोडल्यावरच दिसतो.

४. त्या रात्री मी आपल्या वरिष्ठांकडे करायची तक्रार लिहून काढली होती. ती पाठवलेली नाही. पंखाचे मला विचारणारे ती गेल्यापासून हे एकच गृहस्थ. त्यांना शिक्षा नको. माझ्या आधीच्या मागण्या मी मागे घेतो आणि एवढीच विनंती करतो : कातडे चढवण्याआधी मला त्या कपाटापाशी एक दुपार बसू द्यावे. एकदा कागद चढला की फासळ्यांचा आकार घेता येत नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन येईन, प्रत्येक फासळी काढून घेईन आणि कारखानदाराला तेवढेच पाठवीन. विमान कार्यालयाने ठेवून घ्यावे. डावा पंख कोणी सरळ केला असेल, तर तेवढा पुन्हा उकलून ठेवावा. उकलण्याचे काम मला जमत नाही, ते ती करायची.

आपल्यावर पुरता विश्वास नसलेला, तरी नम्र,

(सही)
विमानवाले आजोबा
(आपल्याकडे सगळे याच नावाने ओळखतात)

दिनांक : पोच देताना आपणच टाकावा, मात्र माझ्यादेखत.

सोबत :
१. पत्नीच्या मृत्यूचा दाखला. आपण मागितलेला नाही, पण प्रत्येक खिडकीवर विचारतात.
२. बारीक पॉलिश पेपर, तीन नंबरच्या खिडकीसाठी. सध्या वापरात आहे तो जाड आहे, त्याने फासळ्या झिजतील.