वापर शून्य

३ मार्च

नोकरी लागली! कंत्राटी आहे, पण खुर्चीला चाकं आहेत. नगररचनेचं ऑफिस. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर मैदानं, वाचनालय, सभागृह, पोहण्याचा तलाव असं सगळं व्हायचंय. तीन टप्पे, वीस वर्षं. त्या आराखड्याचं पुस्तक मी लिहायचं. "लोकांना वाचावंसं वाटलं पाहिजे," मोठ्या बाई म्हणाल्या. उंच, ताठ, बोलणंही मोजून. नाव ठेवून टाकलं – फूटपट्टी.

विचारलं, अख्खा आराखडा एका बाकाच्या तोंडून सांगितला तर?

"बाकाला सांगा, मुदत महिनाअखेर."

आवडली मला ही बाई.

५ मार्च

'सर्वसमावेशक' – सकाळपासून सात वेळा लिहिलं. हात धुऊन आले.

९ मार्च

आज तुकडा क्रमांक चौदा. मोजणीच्या कागदावर एवढंच – 'मोकळी जागा, वापर शून्य.' पहिल्याच टप्प्यात तिथे पार्किंग. मी जरा रंग भरला – 'वर्षानुवर्षं कुणाची तरी वाट बघत पडून राहिलेली जमीन'. फूटपट्टीने बाजूला चक्क बरोबरची खूण केली! दिवसभर तरंगत होते.

१० मार्च

आपटले.

मावशीकडे राहते तर कौतुक तिलाच ऐकवणार ना! ती गुडघ्याला पट्टा बांधत होती. वाचून दाखवलं. नकाशाही दाखवला. तिने तो उलटा केला, सुलटा केला, एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही पाण्याची टाकी ना गं?"

"हो."

"मग ही पडून राहिलेली जमीन म्हणजे आमचं ग्राउंड की! बये, रोज संध्याकाळी नेट बांधते मी तिथे!"

आठ वर्षं मी त्या ग्राउंडच्या गटारातून मावशीचा बॉल काढून देतेय. आणि नकाशात ओळखलं नाही!

मावशीची व्हॉलीबॉलची टीम म्हणजे पाच बायका. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या आणि एकमेकींना 'पोरी' म्हणतात. एक निवृत्त नर्स, एक शिवणकाम करणारी, दोघी सख्ख्या जावा आणि मावशी कॅप्टन. सहावी मिळतच नाही. मला ओढून झालंय, पण मला साधी किल्ली झेलता येत नाही.

"आराखड्यात नवीन कोर्ट आहे की," मी म्हटलं.

"कधी?"

"तिसऱ्या टप्प्यात. म्हणजे... अठरा वर्षांनी."

"मी ऐंशीची होईन तेव्हा. सांगते पोरींना, गुडघे डबीत घालून ठेवा!"

हसली. मग बराच वेळ बॉलमधली हवा दाबून बघत बसली. हवा व्यवस्थित होती.

११ मार्च

मोजणीवाल्याला गाठलं. शून्य कसं काय?

"चिटपाखरू नव्हतं हो मॅडम."

"गेलात कधी?"

"ऑफिसच्या वेळेत. दुपारी दोन ते चार."

मैदानावर कोण येतं हे बघायला भर उन्हात! आणि सगळ्या मैदानांची मोजणी तशीच! छापायच्या आधी अजून एकदा मोजतात म्हणे, पण दिवस आधी सांगत नाहीत – नाहीतर लोक नातेवाईक आणून उभे करतात.

फूटपट्टीला म्हटलं, संध्याकाळी मोजा ना, पाच जणी खेळतात तिथे, सहावीच्या शोधात.

"बघू."

ऑफिसातलं 'बघू' म्हणजे नाहीच. मग उपाय एकच. मोजणी हलत नसेल तर पोरींनी हलायचं!

१४ मार्च

दुपारी दोन. टोप्या, ओले रुमाल, मीठ-साखरेचं पाणी. नर्सबाई दर दहा मिनिटांनी सगळ्यांच्या नाड्या बघतायत. थोरल्या जाऊबाईंनी पडत्या बॉलकडे नुसतं बघितलं – "जाऊ दे त्याला, त्यालाही ऊन लागत असेल."

धाकटी – "मग वाऱ्यावर का सोडलात बिचाऱ्याला?"

मावशी – "पोरींनो, कुणी मोजत असेल! जरा जिवंत दिसा!"

१८ मार्च

अजून खेळतायत. संध्याकाळी पाचही जणी आपापल्या घरी आडव्या. मावशीचं नाक सोलवटलंय.

२१ मार्च

फूटपट्टीने बोलावलं. दुसरी मोजणी झाली.

"तुमचं बरोबर होतं. वेळ बदलली मी. दोन दिवस संध्याकाळी माणूस पाठवला."

संध्याकाळी! सगळ्या पोरी घरी कण्हत असताना!

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

"काय एक्केचाळीस?"

"माणसं."

मोजणीवाल्याने वाचून दाखवलं – सायकल शिकणाऱ्या बायका, फेऱ्या मारणारे म्हातारे, नाच बसवणाऱ्या मुली, टाकीच्या भिंतीसमोर भाषणाचा सराव करणारे एक गृहस्थ. बॉल डोक्यात बसेल म्हणून आठ वर्षं यातलं कुणी फिरकलं नव्हतं. मैदान रिकामं दिसलं आणि सगळे आत!

पार्किंग कारखान्याच्या मागे गेलं. तुकडा चौदा आहे तसाच राहणार. वीसही वर्षं! खाली शेरा – 'व्हॉलीबॉल आढळले नाही.'

मावशीला सांगितलं. आधी मला उचलायला बघितलं तिने. मग एकदम थांबली.

"म्हणजे आम्ही नव्हतो म्हणून ग्राउंड वाचलं?"

"साधारण तसंच."

"बघ की गं. आणि मी तुमच्या ऑफिसला नावं ठेवत होते!"

२३ मार्च

नेट टाकीकडे सरकवलं. अर्धं ग्राउंड इतरांना. भाषणवाले गृहस्थ आता पंच – आवाज आहे म्हणून. प्रत्येक पॉइंटनंतर आभारप्रदर्शन करतात.

२५ मार्च

पुस्तक छापायला गेलं. 'वाट बघत पडून राहिलेली' मीच खोडलं. 'सर्वसमावेशक' एकदाच ठेवलं, तुकडा चौदापाशी.

२७ मार्च

संध्याकाळी फूटपट्टी ग्राउंडवर. तपासणी! नेट लपवायचं कुठे? तेवढ्यात तिच्या पायांकडे लक्ष गेलं. कॅनव्हासचे बूट. जुने, घासलेले.

"सहावी लागते ना तुम्हाला?"

तिची पहिली सर्व्हिस थेट टाकीच्या भिंतीपलीकडे.

मावशी ओरडली, "पोरी, अगं मोजून!"